चाकावरची काळी धूळ : पुसण्याआधी वाचा



आपल्या व्यापारी बांधवांपैकी बहुतेकांच्या दारात आज गाडी उभी असते. कोणी तिच्यातून कापडाचे नमुने नेतो, कोणी किराणा, कोणी मिस्त्रीची अवजारे. ती घरची असली तरी धंद्याचीच असते. गाडीचे ऑइल, बॅटरी, टायर याकडे आपण लक्ष देतो. चाकांकडे मात्र ईदच्या आदल्या दिवशी किंवा वरातीला जायचे असेल तेव्हाच लक्ष जाते. तोवर चाकावर एक काळी, चिकट धूळ बसलेली असते. रस्त्याची घाण आहे असे समजून आपण ती पोराला पुसायला सांगतो आणि विसरून जातो.

ती रस्त्याची घाण नसते. तिच्यातला मोठा भाग ब्रेकचा असतो. ती चाक खाते आणि ब्रेकची हालतही सांगते. म्हणून आजच्या धड्यात दोन गोष्टी पाहू : ही धूळ साफ कशी करावी व चाक कसे जपावे ही एक, आणि पुसण्याआधी ती वाचावी कशी ही दुसरी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ती आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसान सोसून शिकलो. म्हणून आधी तेच सांगतो.

आमची चूक

ही गोष्ट २०१७ सालची. आमची गाडी धुवायला वीस-बावीस वर्षांचा एक जवान मुलगा येत असे. एके सकाळी तो म्हणाला, "सेठ, सीधे हाथ का अगला चक्का रोज ज़्यादा काला होता है." आम्ही हिशेबाच्या वहीत डोके घातलेले होते. "तर मग जास्त घास," एवढेच आम्ही बोललो. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तेच सांगितले. तेव्हा आम्ही बाजारातून चाक चमकवण्याच्या पाण्याची एक बाटली आणून दिली. बाटलीवर कारखान्याचे नाव नव्हते आणि आत काय आहे तेही लिहिलेले नव्हते. दुकानदार म्हणाला होता, "लावा आणि धुवा, आरशासारखे होईल."

चाक खरोखरच आरशासारखे झाले. त्या रात्री मुलाची बोटे ठणकू लागली. दिवसा काही वाटले नव्हते, पण रात्री नखांच्या खाली आग व्हायला लागली. त्याने हातमोजे घातले नव्हते आणि आम्हीही दिले नव्हते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटली आणली का? आत काय होते?" बाटली होती, पण तिच्यावर वाचण्यासारखे काही नव्हते. अल्लाहच्या मेहेरबानीने बोटे वाचली, तरी तीन आठवडे त्याला काम करता आले नाही. त्याची मजुरी आणि औषधाचा खर्च आम्ही दिला. तो उपकार नव्हता, आमच्यावरचे देणे होते.

एवढ्यावरही आमचे डोळे उघडले नाहीत. महिनाभराने नमुन्यांची पेटी घेऊन आम्ही भिवंडीला निघालो. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना गाडी उजवीकडे ओढू लागली आणि जळका वास आला. जागा पाहून गाडी बाजूला घेतली. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीजवळ नेल्यासारखे वाटले. मिस्त्रीने चाक खोलून दाखवले. कॅलिपरची पिन धुळीने आणि सुकलेल्या ग्रीसने जाम झाली होती. पाय उचलला तरी ब्रेक सुटत नव्हता. आतल्या बाजूचे पॅड लोखंडी पट्टीपर्यंत झिजले होते. आणखी चार वळणे गेलो असतो तर काय झाले असते, ते अल्लाहलाच माहीत.

ही खबर त्या मुलाने आम्हाला महिनाभर आधी, दोनदा दिली होती. चाकावर ती काळ्या अक्षरांत लिहिलेली होती. ज्याला आम्ही अनपढ समजत होतो त्याने ती वाचली आणि आम्ही ती तेजाबाने पुसून टाकली.

ही धूळ येते कुठून?

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी एक जाड तबकडी असते. ती बिडाच्या लोखंडाची असते. तिच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरमध्ये पॅड बसवलेली असतात. आपण ब्रेक दाबला की पॅड तबकडीला चिमटीत धरतात, आणि गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो. पॅडमध्ये धातूचा चुरा, तंतू, ग्रॅफाइट, घासणारे कण आणि हे सर्व एकत्र धरणारी राळ असते. प्रत्येक ब्रेकला पॅडचा आणि तबकडीचा थोडा थोडा चुरा झडतो. हीच ती काळी धूळ. तिच्यात लोखंडाचे प्रमाण बरेच असते.

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून ब्रेकचे जास्त काम पुढच्या चाकांना करावे लागते आणि तीच जास्त काळी होतात. मागच्या चाकांना बऱ्याच लहान गाड्यांत ड्रम असतो. ड्रम डब्यासारखा बंद असल्यामुळे त्याची धूळ आतच साठते. मागची चाके स्वच्छ दिसतात याचा अर्थ तिथे झीज होत नाही असा घेऊ नये.

चाक कसे खराब होते?

आमच्या कापडाच्या धंद्यातले उदाहरण देतो, म्हणजे लवकर समजेल. ग्रे कापडावर मागाचा लोखंडी कण चिकटून राहिला आणि ते कापड तसेच पेरोक्साइडच्या ब्लीचिंगला गेले, तर त्या कणापाशी रसायनाचा जोर एकदम वाढतो आणि कापडाला बारीक भोक पडते. धुऊन आल्यावर व्यापारी कपाळाला हात लावतो. दोष ब्लीचिंगवाल्याचा समजला जातो, पण तो आधीच कापडावर बसलेल्या कणाचा असतो.

चाकावर रसायन वेगळे असले तरी चाल अशीच असते. अलॉयचे चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर असतो. ब्रेकमधून निघालेले लोखंडाचे गरम कण या थराला चिकटतात, काही त्यात रुततात. पाऊस किंवा दव लागले की ते कण गंजतात आणि फुगतात. लाखेला बारीक तडे जातात आणि पाणी आत शिरते. मग खालचे ॲल्युमिनियम पांढरट पडते, त्यावर जाळ्यासारख्या रेघा उमटतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. एवढे झाल्यावर कुठलेही पॉलिश कामाचे नाही. चाक खरवडून नवा रंग द्यावा लागतो किंवा बदलावे लागते.

कोकणात खारी हवा आणि लाल चिखल हे काम लवकर करतात. देशावर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून चाक धुतल्यावर ते उन्हात आपोआप सुकू देऊ नये, फडक्याने टिपावे.

पुसण्याआधी वाचा

चाक धुण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. दोन मिनिटे पुरतात. खाली दिलेल्या खुणा पाहाव्यात.

१) पुढची दोन्ही चाके सारखी काळी, मागची कमी : ही ठीक स्थिती आहे.

२) पुढच्या दोहोंपैकी एक चाक ठळकपणे जास्त काळे : त्या बाजूचा ब्रेक सुटत नसावा. पिन जाम, पिस्टन अडकलेला किंवा नळी आतून बंद झालेली असू शकते. आमच्या गाडीचे हेच झाले होते. थोडे चालवून, ब्रेक फार न लावता थांबावे आणि चाकाजवळ हात न्यावा. हात लावू नये. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागले तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

३) एक चाक नेहमीपेक्षा फारच स्वच्छ : यावर खूश होऊ नका. त्या चाकाचा ब्रेक लागतच नसेल. चाकाच्या फटीतून तबकडी पाहावी. ती गुळगुळीत चमकण्याऐवजी गंजलेली किंवा पट्टे पडलेली असेल, तर शंका पक्की समजा.

४) धूळ ओली, तेलकट : हा ब्रेक ऑइलचा गळका असू शकतो किंवा एक्सलच्या रबरी बूटमधून ग्रीस उडत असेल. ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. पातळी उतरली असेल तर गाडी चालवत नेऊ नये, मिस्त्रीला जागेवर बोलवावे. ब्रेक ऑइल रंगही खाते, म्हणून ते चाकावर पडले असल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

५) धुळीत चमकणारे धातूचे कण आणि ब्रेक लावताना खरखर आवाज : पॅड संपले आहे आणि लोखंडावर लोखंड घासत आहे. यात एक दिवसाचाही उशीर करू नये.

६) पावसानंतर तबकडीवर नारिंगी गंज : ही चिंतेची गोष्ट नाही. बिडाचे लोखंड रात्रीत गंजते आणि पहिल्या काही ब्रेकांत साफ होते.

ही फेरी मारल्यानंतरच पाण्याची बादली उचलावी. जो माणूस गाडी धुतो त्याला या सहा खुणा समजावून सांगाव्यात. त्याने काही सांगितले तर वही बाजूला ठेवून ऐकावे.

धुण्याची रीत

१) चाक थंड होऊ द्यावे. गाडी दूरवरून आली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या तबकडीवर एकदम गार पाणी ओतल्यास ती वाकण्याची भीती असते, आणि गरम चाकावर साबण लगेच सुकून डाग पडतो. गाडी सावलीत घ्यावी.

२) कोरडे फडके कधीही फिरवू नये. ही धूळ पॉलिश कागदासारखी आहे. कोरडी घासली की लाखेवर चरे पडतात आणि त्याच चऱ्यांत पुढची धूळ बसते. आधी साध्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. प्रेशरचे पाणी वापरत असाल तर नळीचे तोंड टायरपासून फूटभर लांब ठेवावे. अगदी जवळून मारलेला जोर टायरची बाजू कापू शकतो.

३) चाकांसाठी बादली आणि फडके वेगळे ठेवावे. चाकाचे फडके बॉनेटवर फिरले की लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. फडक्याला रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवावी, म्हणजे गल्लत होत नाही.

४) गाडीचा सौम्य शॅम्पू पाण्यात मिसळावा. मऊ केसांच्या ब्रशने आधी आरे, मग नटांचे खळगे आणि शेवटी चाकाची आतली बाजू धुवावी. आतल्या बाजूला सर्वांत जास्त धूळ बसते आणि तिकडेच कोणी पाहत नाही. एका वेळी एकच चाक घ्यावे आणि ते धुऊन झाल्यावर पुढच्याकडे जावे.

५) शॅम्पूने न जाणारे तांबूस ठिपके राहिले तर ते रुतलेले लोखंड समजावे. त्यासाठी लोखंड विरघळवणारा फवारा गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो चाकावर मारला की लोखंडाशी मिळून जांभळा रंग धरतो आणि जांभळे ओघळ खाली येतात. यात बहुधा थायोग्लायकोलेट जातीचे रसायन असते. केस कुरळे करण्याच्या औषधातही तेच वापरतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे आणि हातमोजे घालावेत. बाटलीवर लिहिलेली मिनिटे पाळावीत, फवारा सुकू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. तो दुसऱ्या कशातही मिसळू नये. तीन-चार महिन्यांतून एकदा एवढा वापर पुरतो.

६) डांबराचे ठिपके काढण्याचा द्रव फडक्यावर घेऊन ठिपक्यापुरताच लावावा. रॉकेल किंवा डिझेल चाकावर शिंपडण्याची सवय वाईट आहे. त्याचा एक थेंब तबकडीवर किंवा पॅडवर गेला तर ब्रेक घसरतो.

७) शेवटी साधे पाणी मारून फडक्याने टिपावे. मग गाडी हळू चालवत, मागेपुढे पाहून, तीन-चार वेळा हलका ब्रेक लावावा, म्हणजे तबकडी सुकते. ओली गाडी हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस तशीच उभी ठेवू नये. ब्रेक चिकटून बसतात.

पाण्याबद्दलही एक शब्द. चार चाकांना दोन-तीन बादल्या पुरतात. वुजूच्या पाण्यातही उधळपट्टी नको अशी ज्यांना शिकवण आहे, त्यांनी नळी सोडून गप्पा मारत बसणे शोभत नाही. हे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्याच्या काठी सोडू नये. पॅडमध्ये तांबे आणि इतर धातूही असू शकतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली कायदा करून पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. ब्रेकच्या धुळीतले तांबे पावसाबरोबर ओढ्यांत जाऊन जलचरांना मारते, हे त्याचे कारण होते.

काय वापरू नये?

ॲल्युमिनियमला तेजाब सोसत नाही आणि तीव्र क्षारही सोसत नाही. मर्सरायझिंगमध्ये कॉस्टिक वापरणाऱ्या बांधवांना ठाऊक आहे की तिथे ॲल्युमिनियमचे भांडे टिकत नाही, कॉस्टिकमध्ये ते विरघळू लागते. चाकाचेही तेच होते. म्हणून कॉस्टिक, कपड्यांचा सोडा, संडास साफ करण्याचे तेजाब, लाद्या धुण्याचे तेजाब यांपैकी काहीही चाकाला लावू नये. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, हेही ध्यानात ठेवावे. तारेची घासणी आणि भांडी घासण्याची राखही नको.

चाक चमकवण्याच्या काही पाण्यांत हायड्रोफ्लोरिक तेजाब किंवा त्याचे क्षार असतात. हे तेजाब फसवे आहे. सौम्य असेल तर हाताला लागताच आग होत नाही, काही तासांनी कातडीच्या आतून दुखायला लागते. ते शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करते आणि हाडापर्यंत जाऊ शकते. असे काही हाताला लागल्याची शंका आली तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरावा आणि दुखण्याची वाट न पाहता बाटलीसह इस्पितळात जावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा इलाज असतो, पण तो वेळेवर व्हायला हवा.

आमच्या बाटलीत हेच होते की दुसरे काही, याचा पत्ता लागला नाही. म्हणून आम्ही एक नियम केला आहे : ज्या बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव आणि आतल्या मालाची माहिती नाही, ती दुकानात कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणायची नाही. विकणाऱ्या बांधवांनीही हाच नियम ठेवावा. आपण विकलेल्या मालाने कोणाचे हात भाजले, तर गल्ल्यात आलेले ते पैसे कसले?

चाकाला कवच

स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या चाकावर मेण किंवा सीलंटचा थर द्यावा. धूळ चिकटते कमी आणि पुढच्या वेळी नुसत्या पाण्याने सुटते. साधे कार्नोबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशाच्या आसपास वितळते. ब्रेकजवळची उष्णता त्याहून जास्त होऊ शकते, म्हणून चाकावर ते फार दिवस टिकत नाही. चाकासाठी बनवलेले सीलंट जास्त टिकते. त्याहून महाग म्हणजे सिरॅमिकचे कोटिंग. ते चांगले असते, पण आधी चाकातले सर्व लोखंड निघाले पाहिजे. नाहीतर घाणीवर काच बसवल्यासारखे होते. ज्याची गाडी रोज कच्च्या रस्त्यावर जाते त्याने एवढा खर्च करण्याची गरज नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा सीलंट पुरे.

एक सावधगिरी मात्र जिवापाड पाळावी. मेण, सीलंट, टायर पॉलिश, तेल यांपैकी काहीही तबकडीला, पॅडला किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला लागता कामा नये. फवारा मारण्याऐवजी फडक्यावर घेऊन लावावे. मोटारसायकलच्या डिस्कलाही हेच लागू आहे. तिथे एका फवाऱ्यात ब्रेक निकामी होऊ शकतो.

लोखंडी रिम असतील तर

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्यांना लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकचे व्हील कप असतात. कप वरून चकाचक दिसतो आणि त्याच्या आत चिखल व धूळ ओल धरून बसते. दोन महिन्यांतून एकदा कप काढून आत धुवावे. रंग उडालेल्या जागी गंज घासून रंगाचा हात द्यावा. टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवर गंज चढला तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते. पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही आणि मालक चक्रावतो.

चाक खोलले तर नट समोरासमोरचे या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नटाच्या आट्यांना ग्रीस लावू नये.

धूळ कमी कशी होईल?

पहिला उपाय फुकटचा आहे. पुढे सिग्नल दिसत असताना वेग धरून शेवटी ब्रेक दाबण्यापेक्षा आधीच ॲक्सिलेटर सोडावा. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे आणि गाडी इंजिनच्या जोरावर आवरावी. पॅड जास्त दिवस टिकतात, धूळ कमी होते आणि ब्रेक तापून ढिले पडत नाहीत.

दुसरा उपाय पॅडचा. सिरॅमिक जातीचे पॅड कमी आणि फिकट धूळ टाकतात, पण महाग असतात. कंपनीने गाडीसाठी ठरवलेल्या मापाचे आणि दर्जाचेच पॅड घ्यावेत. चाकाच्या आतून पत्र्याच्या तबकड्या बसवून धूळ अडवण्याची कल्पना आम्हाला पसंत नाही. धूळ अडते तशी हवाही अडते आणि ब्रेक तापतो.

बॅटरीवरच्या गाड्या वेग कमी करताना मोटरकडूनच काम घेतात आणि वीज परत बॅटरीत भरतात. त्यामुळे त्यांच्या पॅडची झीज कमी होते. मात्र कमी वापरामुळे तबकडी गंजू शकते आणि पिना जाम होऊ शकतात, म्हणून त्यांचीही तपासणी हवीच. ही धूळ हवेतही जाते आणि श्वासातही. म्हणून युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या युरो-७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली : मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि फक्त बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीला ३ मिलिग्रॅम.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

ड्रम खोलला की हवेच्या नळीने धूळ उडवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती बंद करावी. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरत असत. त्याचे अदृश्य तंतू फुफ्फुसात राहतात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे रोग देतात. लायनर नवा असला तरी ती धूळ छातीसाठी नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने धूळ खाली बसवावी, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. रुईच्या धुळीने छाती गेलेले कारीगर आपल्या मोहल्ल्यांत आपण पाहिले आहेत. तीच चूक दुसऱ्या धंद्यात करू नये.

सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्यांना नम्र विनंती आहे. नावाजलेल्या खोक्यात नकली पॅड भरून विकणे ही नफ्याची तिजारत नाही. ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, मग तो कापडाचा तागा असो वा ब्रेकचा पॅड. ताग्यातल्या दोषाने गिऱ्हाइकाचे पैसे जातात, पॅडमधल्या दोषाने घरातला कमावता माणूस जातो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. विक्रीच्या दिवशी चाके चकचकीत असणारच, म्हणजे धुळीचा पुरावा आधीच धुऊन गेलेला असतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहावी, मग चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता ताडावी आणि आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहावे.

थोडक्यात वेळापत्रक

दर आठवड्याला : चाकांची फेरी, सहा खुणा आणि साध्या पाण्याने व शॅम्पूने धुणे. कोकणात आणि पावसाळ्यात यात खंड नको.

दर दोन महिन्यांनी : व्हील कप काढून आतली सफाई, सीलंटचा हात.

दर तीन-चार महिन्यांनी : लोखंड विरघळवणारा फवारा.

प्रत्येक सर्व्हिसिंगला : पॅडची जाडी, कॅलिपरच्या पिना, नळ्या. पॅडचा थर तीन मिलिमीटरवर आला तर बदलावा. आतले आणि बाहेरचे दोन्ही पॅड पाहायला सांगावे. आमचे बाहेरचे चांगले होते, आतले संपले होते.

दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल बदलणे, किंवा पुस्तिकेत लिहिले असेल तसे.

तो मुलगा आता एका गॅरेजात कामाला आहे आणि ब्रेकचे काम चांगले करतो. आमची गाडी त्याच्याचकडे जाते. चाक खोलण्याआधी तो चारी बाजूंनी फिरून पाहतो, आणि त्याने काही सांगितले की आम्ही ऐकतो.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या घरातल्या प्रत्येक मुसाफिराला सलामत घरी आणो. आमीन.